श्वास कापलेला आवाज

चोर तुमच्या घरात आहे, साहेब. नुसता घरात नाही, तुम्ही त्याला खुर्ची देऊन बसवलंय. आणि चोरी झाली म्हणून सांगायला मी आले, तेव्हा तुमच्या खिडकीतल्या माणसाने मलाच विचारलं, "पण माल तुमचाच होता, याला पुरावा काय?"

प्रेमकथा अशी सुरू करत नाहीत, माहीत आहे मला. आधी वारा सुटावा लागतो, कुणाचे तरी केस उडावे लागतात… येईल, तेही येईल. पण माझं प्रेम तुमच्या तक्रार कचेरीच्या बाकड्यावर सुरू झालं, आणि तुमच्याच पायी मोडता मोडता राहिलं. म्हणून आधी तुम्ही. वारा नंतर.

माझं काम आवाज देण्याचं. एका बंद खोलीत, कानांवर यंत्र चढवून मी वाक्यं वाचायची. "कृपया प्रतीक्षा करा." "धन्यवाद." शून्य ते नऊ आकडे, सुटे सुटे. "हो." "नाही." मग ते तुकडे हवे तसे जोडायचे, की झाली घोषणा तयार. स्टुडिओने ते तुकडे कुणाला विकले, त्याने पुढे कुणाला, देव जाणे. एक दिवस मी भांडी घासत असताना फोन वाजला आणि मी मलाच म्हणाले, "नमस्कार. तुमचं क्रेडिट कार्ड आज बंद होणार आहे. चालू ठेवण्यासाठी एक दाबा."

गोड आवाज होता. माझाच.

मग एकदा किराणा दुकानात मी साबण मागितला आणि शेजारची बाई गर्रकन वळली. "हीच ती! हिनेच माझ्या नवऱ्याला बुडवलं!" दुकानदाराने साबण दिला, पण माझ्याकडे न बघता. त्या दिवसापासून मी बाहेर बोलणं सोडलं. बोट दाखवून भाजी घ्यायची, मान हलवून तिकीट. घरात एकटीच, तेव्हा तिथेही बोलणं संपलं. भिंती होत्या, पण भिंतींना कान असतात म्हणे. कानांचीच मला भीती.

अशी मी तुमच्या कचेरीत आले, साहेब.

बाकड्यावर जागा एकच होती. तिच्यावर एक पिशवी, आणि पिशवीच्या मालकाच्या बोटांवर तीन-चार चिकटपट्ट्या.

"बसा, बसा," पिशवी मांडीवर घेत तो म्हणाला. "जपून हं. आत काच आहे. आणि माणूसही जरा तडकलेलाच आहे."

मी हसले. हसायला आवाज लागत नाही.

"मी फ्रेमा बनवतो. फोटोच्या. तुम्ही?"

मी गप्प.

"सांगायचं नाही? बरं… मीच ओळखतो. शिक्षिका? नाही, त्या इतका वेळ गप्प बसत नाहीत. डॉक्टर? त्या इतका वेळ ऐकत नाहीत."

तेवढ्यात छताला लावलेला कर्णा बोलला – "कृपया खिडकी क्रमांक तीनकडे या." आणि फ्रेमवाल्याचा चेहराच बदलला. पिशवी घट्ट धरून तो म्हणाला, "ऐकलंत? ऐकलंत ना? ही तीच बाई! हिनेच माझ्या आईला फसवलं. आईची म्हातारपणाची सगळी पुंजी गेली हो. आई म्हणते, इतक्या गोड आवाजात कुणी खोटं बोलेल कसं? मी सांगतो तुम्हाला, ही बाई कुठेही भेटू दे, डोळे मिटून ओळखीन."

ती बाई त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर बसली होती. त्याचे डोळे उघडे होते.

माझी पाळी आली. काचेमागच्या तुमच्या माणसाने मला बोलून दाखवायला लावलं. मी अगदी हळू बोलले. त्याने कान टवकारले, वर कर्ण्याकडे पाहिलं आणि चक्क हसला. "अहो, हा तर आमच्या मशीनचा आवाज आहे! माल तुमचाच होता, याला पुरावा काय?"

परतले तेव्हा माझे डोळे भरले होते. फ्रेमवाला उठून उभा राहिला. "काय म्हणाले?" मी मान हलवली. त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग गळ्याकडे, आणि एकदम ओशाळला.

"तुम्हाला… बोलता येत नाही का? आणि मी मघापासून बडबडतोय गाढवासारखा!"

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावंच लागतं ना?

त्याने मला दुकानाचं कार्ड दिलं. "कधी काही फ्रेम करायचं असलं तर या. नसलं तरी या. गप्प बसणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालेलं नाही."

फ्रेम करायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. मी कॅलेंडरवरचं एक डोंगराचं चित्र फाडलं आणि गेले. मग दुसरं चित्र. मग नदी. कॅलेंडर संपलं तेव्हा तो म्हणाला, "आता पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघायची की काय?" आणि मी दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानेच गेले.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर अनोळखी माणसांची लग्नं, अनोळखी बाळं, कुणीच न्यायला न आलेला एक म्हातारा. दुपारी ऊन काचांवरून घसरत त्याच्या मानेवर यायचं. पंखा सुरू झाला की लाकडाचा भुसा उडायचा आणि माझ्या केसांत बसायचा… हा घ्या तुमचा वारा. तो हात पुढे करायचा, थांबायचा, म्हणायचा, "केसांत… हे… तिथे नाही, इकडे." मी मुद्दाम दुसरीकडेच हात न्यायची.

"मुद्दाम करतेस ना?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं आम्हा दोघांनाही कळलं. मी मान डोलावली. तो कानापर्यंत लाल झाला.

गल्ल्यावर त्याची आई बसायची, मनात मी त्यांना काकू म्हणायची. मला बोलता येत नाही म्हणून त्या माझ्याशी ओरडून बोलायच्या.

"चहा घेशील का गं?"

"आई, तिला ऐकू येतं."

"माहीत आहे रे! तुला येतं का? मघापासून दूध उतू जातंय." मग माझ्याकडे वळून, "याचे वडील असेच. बडबडीत जन्म गेला. तू बरी. अळीमिळी गुपचिळी."

तेच नाव पडलं मला. गुपचिळी. रात्री अंथरुणावर पडून मी ते नाव मनात म्हणायची. मोठ्याने म्हणावंसं वाटायचं. पण मोठ्याने म्हटलं की तो आवाज त्याच बाईचा होणार होता. ज्या माणसाला मी आवडले होते, त्याला माझं सगळंच आवडत होतं, फक्त ज्याने मी मी होते तेवढंच सोडून. इतकी एकटी मी एकटेपणातही नव्हते.

मग तो दिवस आला. एक मोठी काच आली होती, दारापेक्षा उंच. मदतनीस आला नव्हता.

"धरशील एक बाजू?" त्याने विचारलं. "सोडायची मात्र नाही हं. काहीही झालं तरी. ही फुटली तर पाय तोडून जाईल."

त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. मध्ये काच. काचेतून तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. "डावीकडे… सावकाश… माझ्याकडे बघू नकोस, पायाखाली बघ," तो म्हणाला, आणि स्वतः काही पायाखाली बघत नव्हता.

गल्ल्यावर फोन वाजला. काकूंना कमी ऐकू येतं, त्या फोन नेहमी मोठ्याने लावतात. दुकानभर माझा आवाज पसरला.

"नमस्कार. आपली फसवणूक झाली आहे. गेलेली रक्कम परत मिळवण्यासाठी एक दाबा."

"अरे, ऐक!" काकूंचा चेहरा उजळला. "पैसे परत देताहेत! मी म्हटलं नव्हतं, मुलगी चांगली असणार म्हणून?" त्यांनी एक दाबला.

"आई, ठेव तो फोन!" तो ओरडला.

"थांब रे, कार्डाचा नंबर मागतेय."

पहिल्यांदा लुबाडायचं, मग लुबाडलेल्यांची यादी घेऊन परत लुबाडायचं. जखमेवर मीठ नव्हे, साहेब, जखमेवर दुसरी जखम. काकूंनी चष्मा लावला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि आकडे दाबायला लागल्या. तो "आई, आई" करत होता, पण मुलाचं ऐकते ती आई कसली? त्याचे दोन्ही हात काचेला. माझे दोन्ही हात काचेला.

मी श्वास घेतला.

"काकू, नका दाबू! ती खोटी आहे! बंद करा फोन!"

काकूंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई! तूच तर सांगतेयस ना दाब म्हणून?"

"ती मी नाही! म्हणजे… आवाज माझा आहे, पण मी नाही! माझा चोरलाय काकू, तुमच्या पैशांसारखाच चोरलाय!"

"कृपया उरलेले आकडे दाबा," फोनमधली मी म्हणाली.

"दाबू नका!" काचेजवळची मी म्हणाले.

काकूंनी फोन उचलला आणि पाण्याच्या बादलीत टाकला.

मग जे झालं ते मला कधी विसरता येणार नाही. काच आमच्या हातात होती. ती टेबलापर्यंत नेल्याशिवाय कुणालाच काही करता येत नव्हतं – ना त्याला रागावता, ना मला पळता. पाऊल, पाऊल. काचेपलीकडे त्याचा चेहरा, आणि त्यावर माझाच धूसर चेहरा चढलेला. त्याने टोक टेकवलं. मी टेकवलं.

"तुला बोलता येतं," तो म्हणाला.

"हो."

त्या एका शब्दाने तो असा दचकला, की मी दुसरा उच्चारलाच नाही.

"माझ्याशी खोटं बोललीस गं?" काकू म्हणाल्या.

"बोललेच नाही, काकू."

"तेच तर!"

त्याने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला. मी निघाले. त्याने थांबवलं नाही.

पुन्हा बोट दाखवून भाजी, मान हलवून तिकीट. फरक इतकाच की आधी एकटं असणं ही सवय होती, आता ती शिक्षा झाली. डोंगर, नदी – सगळ्या फ्रेमा मी भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. आणि साहेब, मी पुन्हा तुमच्याकडे आले. या वेळी खिडकीत गेले नाही, बाकड्यावरूनच मोठ्याने बोलले. म्हटलं, "वरचा कर्णा आणि मी, दोघींना ऐका आणि सांगा चोर कोण!" लोक बघत राहिले. तुमच्या माणसाने बोट तोंडावर ठेवलं आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर दिला. मी तिथेच लावला. पलीकडून मीच म्हणाले, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर त्याचा नंबर; माझा नंबर-पत्ता फ्रेमांच्या पावतीवर होताच. त्याने मला कधीच फोन केला नव्हता. मुकीला कोण करेल? मी उचलला. तो काहीच बोलला नाही. मीही नाही.

"आहेस," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"कशावरून?"

"श्वास ऐकू येतोय." तो घुटमळला. "त्या बाईचा फोन आज मला आला. पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला… तिला शिव्या द्यायला. आणि लक्षात आलं, ती श्वासच घेत नाही गं. एवढी बोलते, बोलते, पण मध्ये एकदाही थांबत नाही. आणि तू त्या दिवशी ओरडायच्या आधी केवढा श्वास घेतलास! काच हलली होती माझ्या हातात."

"श्वास कापतात," मी म्हणाले. "रेकॉर्डिंग झालं की आधी श्वास कापून टाकतात. ऐकणाऱ्याला त्रास होतो म्हणे."

"मग ते सगळे श्वास कुठे गेले?"

"माझ्याकडेच आहेत. घ्यायला कुणी आलंच नाही."

"मी येऊ?"

मी मान डोलावली. मग आठवलं, त्याला दिसत नाहीये.

"ये," मी म्हणाले.

तो आला तो आईला घेऊनच. काकूंनी भिंतीकडे वळलेल्या फ्रेमा एकेक करून सरळ केल्या. "माझ्या लेकाच्या हातचं काम असं उलटं ठेवतात होय?" मग माझ्यासमोर बसल्या. "माझे पैसे गेले. तुझा आवाज गेला. एकाच चोराने नेलं, म्हणजे आपण नात्यातल्याच झालो की. काय रे, विचार ना तिला. का मीच विचारू?"

तो चिकटपट्ट्यांच्या बोटांनी चिकटपट्टी सोलत होता. "तुला… म्हणजे… माझ्याशी लग्न…"

मी सवयीने मान डोलावली.

"अंहं," तो म्हणाला. "तसं नको. आवाजात हवंय."

"पण तो आवाज… आईंना…"

"बोल गं," काकू म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा काच धरायला लावीन."

मी खूप मोठा श्वास घेतला. तो ऐकत राहिला.

"हो," मी म्हणाले.

तो एक 'हो' माझा आहे, साहेब. कुठल्याच मशीनमध्ये तो नाही. पण बाकीचे? आज सकाळीही माझा 'हो', माझा 'नमस्कार', माझा 'धन्यवाद' तारांवरून गेले असतील आणि कुण्या एकट्या म्हातारीने चष्मा लावून कार्ड डोळ्यांजवळ धरलं असेल. बाजारात मी अजून बोट दाखवूनच भाजी घेते. लग्नात लोकांशी बोलायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि तुमच्या छताला लटकून मी अजून लोकांना खिडकीकडे पाठवतेय, जिथे त्यांचं कुणी ऐकत नाही.

माझा आवाज मला कधी परत देताय? सांगा. आणि मशीनला बोलायला लावू नका. स्वतः बोला. तुमचा श्वास मला ऐकू आला पाहिजे.