आडवा येणारा ठोका

जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट हळू आवाजातच सांगण्यासारखी आहे.

झांबियातल्या न्डोल्याच्या एका वैद्यकीय कॉलेजात नामुकोलो नावाची मुलगी होती. देवभोळी, रविवारच्या प्रार्थनेत ढोल वाजवणारी. तालाचा कान असा, की गाणारं कुणी जरा मागे पडलं तरी हिची मान वळायची. आणि हीच मुलगी छातीला नळी लावून हृदय तपासण्याच्या परीक्षेत नापास झाली होती. आता एकच फेरपरीक्षा. तीही गेली, तर सामान बांधून गावी मोंगूला, आईच्या मासळीच्या टोपल्यांपाशी.

"माझंच हृदय आडवं येतं गं," ती खोलीतल्या लूसेला म्हणाली. "घाबरले की कानात तेच धडधडतं. रोग्याचं ऐकूच येत नाही."

लूसेनं तिच्या छातीला नळी लावली आणि झटकन काढली. "हे हृदय आहे की तुझा ढोल? कान गेले माझे."

तिथं मुलीच मुलींना शिकवत. पास झालेलीनं मागच्यांना शिकवायचं आणि ऐकायला स्वतःची छाती द्यायची. रोग्यांना तरी किती छळणार? त्या वर्षी शिकवायला बा चितालु होत्या; थोरलीला तिथं आदरानं 'बा' म्हणत. शेवटच्या वर्षाच्या, अगदी शांत. दुपारची मक्याच्या पिठाची न्शिमा खाऊन झाली की वसतिगृहातल्या इस्त्रीच्या खोलीत रांग लागायची. एकेक मुलगी नळी लावी, "आलं ऐकू" म्हणे आणि खाली बघत बाजूला होई.

नामुकोलो शेवटची. तिनं नळी टेकवली.

काही नाही. कानात तिची स्वतःची धडधड तेवढी होती. पलीकडे काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही. तिनं नळीवर बोट आपटून पाहिलं. टकटक. नळी ठीक होती.

बा चितालु तिच्याकडेच बघत होत्या. मागे मुली उभ्या होत्या. इतक्या जणींना ऐकू आलं, आणि हिलाच नाही?

"आलं ऐकू," ती म्हणाली आणि तिनं खाली पाहिलं.

चितालुंनी तिचा हात हातात घेतला. "घाबरू नकोस. आता आडवं येणार नाही."

आडवं येतं, हे तिनं लूसेखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ती बाकावर बसून त्या धडधडीची वाट बघत राहिली. ती आलीच नाही. समोर खाणीतला म्हातारा कामगार होता. त्याचा ठोका स्वच्छ ऐकू आला, आणि ठोक्यामागची बारीक शीळही. परीक्षक म्हणाले, "असा कान क्वचितच मिळतो." लूसेनं तिला उचलून गोल फिरवलं.

रविवारी ढोलावर तिचा हात पहिल्यांदा चुकला. ताल कुठून धरायचा, तेच कळेना.

मग पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या. इस्त्रीची खोली, रांग, आणि आता छाती नामुकोलोची.

"आलं ऐकू." "आलं ऐकू."

शेवटी बुपे नावाची किरकोळ पोर. तिनं नळी टेकवली, सरकवली. मग नळीवर बोट आपटलं.

टकटक.

"आलं ऐकू, बा नामुकोलो," ती म्हणाली आणि तिनं खाली पाहिलं.

जा पोरी, इथून जा, असं नामुकोलोला सांगायचं होतं. तिनं बुपेचा हात हातात घेतला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आता आडवं येणार नाही."

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा बुपेची आठवण ठेवा. तिची परीक्षा जवळ आली आहे, आणि कालपासून तिला मुळीच भीती वाटत नाही.