फुगलेलं माप

त्याने काउंटरवर पिठाचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "याला बसेल असा सायलेन्सर द्या."

मी आधी गोळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आमचं दुकान मॉडेल विमानांचं. छताला विमानं टांगलेली, कपाटात बोटाएवढाली इंजिनं, हवेत कायम एरंडेल घातलेल्या इंधनाचा वास. पिठाचा गोळा घेऊन इथे आजवर कुणी आलं नव्हतं. त्याच्या भुवईवर मैदा होता. डोळे झोपाळू होते, आणि – खरं सांगते – भलतेच सुंदर होते.

"हे काय आहे?"

"माप. इंजिनाचा धूर निघतो ना, त्या तोंडावर दाबून घेतलंय."

गोळ्यात खरंच ठसा होता. मधे चौकोनी तोंड, दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं. मी मापपट्टी लावली.

"सायलेन्सर निवडताना इंजिन केवढं ते बघायचं, आणि या दोन भोकांमधलं अंतर. लहान सायलेन्सर लावला तर इंजिन गुदमरतं, मोठा लावला तर वजनाने विमान नाकावर येतं. पण एवढं अंतर असलेलं इंजिन मी जन्मात पाहिलं नाही. पीठ यीस्टचं होतं का हो?"

त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"बेकरी आहे माझी... फुगलं वाटतं."

मला हसू आवरेना. तोही हसला, आणि दुपार उगाचच उजळल्यासारखी वाटली. तेवढ्यात ठशाच्या कडेला एक टवका दिसला. तो टवका माझ्या ओळखीचा होता. माझ्याच हातून पडून झालेला.

"हे माझं इंजिन आहे," मी म्हणाले. "पिवळ्या विमानाचं."

"तुम्ही विमान उडवता त्या मैदानामागेच मी राहतो. रात्रभर भट्टीपुढे असतो. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच तुमचं विमान डोक्यावर..."

"म्हणून माझ्या इंजिनाला न विचारता हात लावलात?"

"माप मी नाही घेतलं. कुणी दिलं ते विचारू नका, शब्द दिलाय."

मी गोळा त्याच्याकडे सरकवला. "त्या विमानाला सायलेन्सर लागणार नाही."

आणि मग, का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी उभी हयात इंजिनांच्या कारखान्यात काढली. कान तिथेच गेले. पण अजूनही रोज मैदानाच्या बाकावर बसून ते पिवळ्या विमानाकडे हनुवटी उचलून बघायचे आणि म्हणायचे, "हा एक आवाज येतो बघ अजून." तो एक आवाज मी बंद करणार नव्हते. दुकानभर सायलेन्सर असले तरी.

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण ओठ मिटले.

"राहू दे मग," तो हळूच म्हणाला. "मी कानात कापूस घालीन."

आणि त्याने खरंच घातला! दुसऱ्या दिवशी दुपारी स्वारी कापसाचे बोळे घालून बाबांच्या शेजारी बाकावर हजर. मग रोजच. येताना गरम पाव आणायचा, मी इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी धरून बसायचा. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकायचं, विमान उन्हात लहान लहान होत जायचं, आणि माझं लक्ष मात्र त्याच्या बोटांवरच्या मैद्याकडे. एकदा इंजिन गरजत असताना तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला.

"काय?" मी ओरडले.

"काही नाही!"

त्या 'काही नाही'ने माझी रात्रीची झोप उडवली. फिट्टंफाट झाली म्हणायची.

मग एके दिवशी बाबा आमच्याकडे पाठ करून चष्मा पुसत बसले होते. मी इंजिन सुरू केलं. दहा पावलांवर, पूर्ण वेगात, सायलेन्सरशिवाय. कापूस असूनही तो दचकला.

बाबा मात्र वळले नाहीत. सावकाश चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मग मान वळवली. इंजिनाचा फिरणारा पंखा दिसला, तशी हनुवटी उचलली आणि नेहमीसारखे हसले.

मी इंजिन बंद केलं. जवळ जाऊन मी विचारलं, "बाबा, किती दिवस झाले?"

ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. "सहा महिने. तू माझ्यासाठी उडवत होतीस, म्हणून मी ऐकत होतो."

मला रडूच फुटलं.

"हा भांडायला आला होता," बाबांनी बेकरीवाल्याकडे बोट दाखवलं. "मीच म्हटलं, गुपचूप सायलेन्सर आण, मी बसवतो. तरीही ऐकू येतं असं तुला सांगणार होतो. मी घेतलेलं माप बरोबर होतं, याच्या पिठाने घोळ केला!"

मग आम्ही तिघांनी मिळून सायलेन्सर बसवला. त्याने विमान धरलं, मी दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. इंधन कमी-जास्त करणारी सुई पुन्हा जुळवली. इंजिन सुरू झालं, पण आता नुसतं गुणगुणत होतं. बाबांनी विमानाच्या पंखावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले. "इथे आहे."

त्याने कानातला कापूस काढला. मी विमानाच्या पलीकडून विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाला होतास तू?"

'तू' कधी निसटलं, मलाही कळलं नाही.

"इंजिन बंद कर मग सांगतो."

"आता येतं ऐकू. बोल."

त्याने चोरून बाबांकडे बघितलं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्याला धीर आला असावा.

"आता आवाज गेला तरी मला झोप यायची नाही... तू आवडतेस मला. फार."

मी मान खाली घातली. पंखावर बाबांचा हात तसाच होता, पण डोळे चांगले उघडे होते.

"सहा महिने मी ओठ वाचतोय, बरं का," ते म्हणाले. "उत्तर दे पोरी. आणि माझ्याकडे तोंड करून दे."

मी बाबांकडे तोंड केलं, आणि दिलं.