आठवा हात

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्याचं वर्कशॉप होतं. दारावरची पाटी लांबलचक होती आणि ती कोणी वाचायचं नाही. आयाबाईपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला 'हातवाले' म्हणायचे. ज्याचा हात मशीनमध्ये गेला, अपघातात गेला, त्याच्या उरलेल्या हाताचा तो प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून दुसरा घडवायचा आणि वर सिलिकॉनची कातडी चढवायचा. नखं, शिरा, पेरांवरच्या घड्या, सगळं जिथल्या तिथं. बावीस वर्षं हेच काम. माणसाचा चेहरा मी विसरेन, हात विसरणार नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. बढाईच होती, पण खरी होती.

एका सकाळी तो बूट घालत असताना आईने आतून हाक मारली.

"अरे, जरा इकडे ये. घात झाला."

देवघर म्हणजे आईच्या खोलीतल्या कोपऱ्यातलं एक छोटं कपाट. आईची नजर काचबिंदूने गेली होती. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच कळायचं. पण पूजा एक दिवस चुकली नव्हती. हातभर उंचीची लाकडी देवी, हाताळून हाताळून काळी तुकतुकीत झालेली, आणि तिला आठ हात. आई आता तिला बोटांनीच बघायची. रोज एकेक हात क्रमाने पुसायची. चक्र, शंख, त्रिशूळ, तलवार, धनुष्य, घंटा, कमळ. आठवा हात रिकामा, तळवा समोर, बोटं वर. आज पुसताना धक्का लागून देवी आडवी पडली होती आणि तो रिकामा हात मनगटातून मोडला होता.

मोडलेला तुकडा काही सापडला नाही. त्याने आणि बायकोने कपाट सरकवलं, टॉर्च लावला, झाडू फिरवला. खोली ती केवढी! पण नाही म्हणजे नाही.

"जाऊ दे," आई म्हणाली. "तू नवा कर. जगाला हात देतोस, तिला एक दे."

"आई, मी माणसांचे करतो गं. एखादा मूर्तीवाला बघू ना."

"मूर्तीवाल्याला काय कळतंय? सात हात तिच्या कामाचे. शंख बोलवायला, घंटा झोपलेल्याला उठवायला, त्रिशूळ न ऐकणाऱ्याला. आठवा आपल्यासाठी. भिऊ नकोस म्हणायचा. लहानपणी तुम्हा दोघांना पाठ होतं हे. बिट्टी तर आपला तळवा त्याच्यासमोर धरून बघायची, कुणाचा मोठा म्हणून." आईने मोडक्या मनगटावरून बोट फिरवलं. "तूच कर."

बिट्टीचं नाव निघालं की तो घड्याळाकडे बघायचा. आताही त्याने बघितलं.

बिट्टी त्याची धाकटी बहीण. तिशी ओलांडली तरी घरात बिट्टीच. दीड वर्षापूर्वी ती गेली. जिन्यावरून पडली, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं आणि सगळ्यांनी ते गिळलं. तिची एक खोड होती. ती बेल कधी वाजवायची नाही. उघड्या हाताने दारावर तीन थापा मारायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा दारातल्या भिंगासमोर धरायची, म्हणजे आतून बघणाऱ्याला तेवढाच दिसावा. "ओळखा कोण!" आता त्यात ओळखायचं काय? करंगळी वाकडी होती तिची. चार वर्षांची असताना दारात चेमटली होती, आणि दार याच्याच हातून लागलं होतं.

जाण्याआधी चार दिवस, रविवारी दुपारी, ती आली होती. आई आणि बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. हा एकटाच, मांडीवर ताट घेऊन टीव्हीवर सामना बघत बसलेला. शेवटची वीस मिनिटं राहिली होती. तीन थापा पडल्या. हा उठला, भिंगाला डोळा लावला. तळवा होता. वाकडी करंगळी होती. आणि तळव्याच्या मधोमध भाजल्याची ताजी, लाल, तिकोनी खूण होती, इस्त्रीच्या टोकाएवढी.

त्याला कळलं. न कळण्यासारखं काय होतं त्यात? याआधी तीनदा ती बॅग घेऊन आली होती आणि तीनदा तो तिची समजूत घालून तिला परत सोडून आला होता, मेव्हण्याबरोबर चहा पिऊन. आता पुन्हा तेच रडगाणं, तीच समजूत, आणि सामना अर्धवट. त्याने दार उघडलं नाही. पाय न वाजवता मागे आला आणि रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला.

तिथेच तो फसला. टीव्ही चालू असलेला बाहेर ऐकू येत होता. मग तो बंद झालेलाही ऐकू आलाच असणार.

"दादा?" बाहेरून एकदाच आलं. मग लिफ्टचं दार वाजलं.

संध्याकाळी शेजारणीने सांगितलं, बिट्टी येऊन गेली म्हणून. आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी केस कापायला गेलो होतो, गर्दी होती म्हणून तसाच परत आलो. आईने लगेच बिट्टीला फोन लावला, स्पीकरवर. "सहज आले होते गं," बिट्टी म्हणाली. "दादा नव्हता घरी."

तो आईच्या शेजारीच बसला होता.

बिट्टी गेली तेव्हा तो दुसऱ्या गावी हात बसवायच्या शिबिरात होता. पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आई अजूनही बसल्या बसल्या म्हणायची, "तू त्या रविवारी घरी असतास तर पोर वाचली असती रे." आणि तो म्हणायचा, "हो ना." असं कोणी म्हणू शकतं? तो म्हणायचा. दर वेळी त्याला स्वतःची किळस यायची, आणि दर वेळी तो तेच म्हणायचा.

तर देवीचा हात. अंगठ्याच्या पेराएवढा तो हात, त्याला असा किती वेळ लागणार? जुन्या खुर्चीचा वाळलेला पाय होता, त्यातला तुकडा घेऊन त्याने दोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोरला. तळवा सपाट, बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली. खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं. सकाळी काढून बघतो तर करंगळी बाहेर वाकलेली. लाकूड आहे, हवा दमट आहे, वाकलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. वीस वर्षं वाळलेलं लाकूड एका रात्रीत वाकत नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरी सांगितलं.

दुसरा हात त्याने लाकडाचा केलाच नाही. नखांसाठी वापरतात त्या कडक प्लास्टिकचा ओतला. ते तुटतं, पण वाकत नाही. दुसऱ्या दिवशी करंगळी वाकलेली होतीच, आणि तळव्यावर रेषा आल्या होत्या. बारीक, खऱ्या. त्याने भिंग लावून बघितल्या आणि भिंग खाली ठेवलं.

कातडीला रंग देणाऱ्या बाई समोरच्या टेबलाशी बसायच्या. रंग जुळवायला म्हणून त्यांनी तो हात चिमटीत धरला.

"काय हुबेहूब उतरलाय हो! कुणाचा साचा घेतलात?"

"साचा नाही घेतला. मनाने केला."

"चला, काहीतरीच! मनाने कोणी भाजल्याची खूण करतं का?"

"कुठे?"

बाईंनी नखाने दाखवलं. तळव्याच्या मधोमध, तिळाएवढा, तिकोनी खड्डा.

"कुणाची आहे ही?" बाईंनी विचारलं. तो हात धुवायला निघून गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला.

त्याने खड्ड्यात पुट्टी भरली, घासली, वर रंग दिला. सकाळी खड्डा. पुन्हा भरली. पुन्हा खड्डा. असं पाच दिवस चाललं. तिसरा हात करायची त्याची हिंमत झाली नाही. त्यावर आणखी काय उमटलं असतं? घरी आई रोज विचारायची, "झाला का रे? तिला असं थोटं ठेवू नये." शेवटी एका रविवारी सकाळी त्याने वर्कशॉप उघडून पुट्टी भरली, सुकू दिली, चारदा बोट फिरवून बघितलं, आणि तडक घरी आणून मनगटाला हात चिकटवून टाकला. दुपारपर्यंत गुळगुळीत राहिला म्हणजे झालं. नंतर आईला म्हणता येईल, तूच घासलास.

बायको बाहेर गेली होती. आईने देवी मांडीवर घेतली. तो समोर स्टुलावर बसला.

आईची बोटं चक्रापासून निघाली. शंख. त्रिशूळ. तलवार. धनुष्य. घंटा. कमळ. प्रत्येक हाताला ती नेहमीसारखं काहीतरी पुटपुटत होती. आठव्याशी आली आणि तिचं पुटपुटणं थांबलं. करंगळीवरून बोट वर गेलं, खाली आलं.

"ही बिट्टीची."

"असेल गं. मला तिचाच हात आठवतो."

"आठवणारच की." आईचा चेहरा मऊ झाला होता. तिने अंगठा तळव्यावर ठेवला, फिरवला, आणि मधोमध थांबवला. तो बसल्या जागेवरून बघत होता. पुट्टी तिथे नव्हती.

आईचा अंगठा तिथून हलला नाही.

"ही खूण तिला शेवटचं न्हाऊ घालताना मी बघितली," ती मग म्हणाली. "तेव्हा मला थोडं दिसायचं. कुणाला बोलले नाही मी. तिच्या नवऱ्याला विचारलं नाही. भ्याले. त्याची लाज मला मरेपर्यंत राहणार. पण खोलीत मी एकटीच होते रे. तू तर सगळं उरकल्यावर पोचलास."

"हो."

"मग तुला कशी ठाऊक?"

"कोरणी निसटली असेल, आई. चुकून."

"चुकून तिकोनी?"

त्याने घड्याळाकडे बघितलं. काटे कुठे आहेत ते त्याला कळेना.

"होतास ना तू घरी?" आईने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बाहेरच्या दारावर थाप पडली.

मग दुसरी. मग तिसरी. उघड्या हाताच्या.

"जा," आई म्हणाली. "दार उघड."

तो उठला. पाय न वाजवता गेला. तशी सवयच झाली होती. कडीवर हात ठेवला, आणि आधी भिंगाला डोळा लावला.

तळवा होता.

वाकडी करंगळी. मधोमध तिकोनी खूण, अजून लाल.

टीव्ही बंदच होता. तरी त्याचा डावा हात मागे टेबलावर रिमोट शोधत होता. हे ध्यानात आलं तेव्हा लाजेने त्याचे कान तापले. उघड, तो स्वतःला म्हणाला. उघड ना, मेल्या. कडी हातात होती. नुसती सरकवायची होती.

"कोण आहे रे?" आईने विचारलं.

"कोणी नाही, आई."

"दादा?" बाहेरून आलं.

आतल्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. भिंतीवर हात ठेवत ठेवत आई आली. "सर बाजूला," ती म्हणाली. तो सरला. तिने चाचपडत कडी शोधली आणि दार सताड उघडलं.

पॅसेज रिकामा होता. लिफ्टचा लाल दिवा दिसत होता.

"ये गं," आई म्हणाली. "भिऊ नकोस. ये आत." आणि एका माणसाला जाता येईल एवढी बाजूला झाली.

इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला. तो वास त्याच्या छातीजवळून गेला. त्याच्याशी थांबला नाही. सरळ आईच्या खोलीत गेला.

आई त्या वासामागोमाग, भिंतीला हात न लावता, भरभर चालत गेली.

तो दाराशीच उभा राहिला. मग खोलीपर्यंत गेला, पण उंबऱ्याच्या आत त्याच्याच्याने पाऊल टाकवेना. आई पलंगावर बसली होती, थोडी सरकून, शेजारी जागा ठेवून. देवी पुन्हा मांडीवर होती. आई हसत होती. दीड वर्षात ती हसली नव्हती.

"बघ तरी," ती म्हणाली. "कसा छान उघडा आहे. बोटं कशी सरळ वर. बघ ना."

त्याने बघितलं. सात हात होते तसे होते. आठव्याची चारही बोटं आत मिटलेली होती आणि वरून अंगठा घट्ट आवळलेला होता. आईची बोटं त्या मुठीच्या वर, रिकाम्या हवेत, खालून वर मायेने फिरत होती.

"आहे ना रे?" आईने विचारलं.

"हो ना," तो म्हणाला.