हॉर्नच्या जागी

बाबांनी हॉर्न दाबला तेव्हा तो माणूस वळणाच्या ऐन मध्यावर, आमच्या गाडीपासून हातभर अंतरावर उभा होता. गळ्यात हेडफोन, काखेत करड्या केसाळ आवरणातला मायक्रोफोन. पाहणाऱ्याला वाटावे, आजारी मांजर घेऊन निघाला आहे.

"काका," खिडकीशी वाकून तो म्हणाला, "हात जोडतो. आता पुरे."

"वळणावर हॉर्न हा नियम आहे. आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहणं हा गुन्हा."

बाबा वाहन परवान्याच्या चाचणीचे निवृत्त परीक्षक. आयुष्यभर त्यांनी माणसे नापास केली. आता डोंगराची पाळी होती. घाटाला वळणे असंख्य आणि बाबांची तत्त्वे अढळ, त्यामुळे सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आम्हाला घडलेले एकूण वन्यजीवदर्शन म्हणजे काचेवर आदळलेला एक भुंगा. आईने त्याचाही फोटो काढला होता.

मला धनेश पक्षी पाहायचा होता. जुन्या काव्यांतल्या धनेशावर मी जाडजूड प्रबंध लिहिला होता. ढोलीत स्वतःला कोंडून घेणारी मादी, फटीतून तिला फळे भरवणारा नर, आणि त्या नरावर स्तुतिसुमने उधळताना आतलीला एकही प्रश्न न विचारणारे कवी, अशा सर्वांचा त्यात यथास्थित समाचार होता. तोंडी परीक्षेत एका वृद्ध परीक्षकांनी सौम्यपणे एवढेच विचारले, "पाहिलाय का हो कधी?" पदवी मिळाली, प्रश्न मात्र घशात अडकून राहिला.

"जंगलाचं ध्वनिमुद्रण करतो मी," तो सांगत होता. "पण तीन दिवस जंगल कमी आणि तुमची गाडीच जास्त... ऐका." आणि त्याने हेडफोन नेमका मागच्या खिडकीतून माझ्या हाती दिला.

पानांची सळसळ. मग लांबून भात्यासारखा पंखांचा आवाज — जवळ, आणखी जवळ... आणि हॉर्न. त्यापाठोपाठ, त्या निर्मळ अरण्यात, माझा आवाज: "बाबा, समोरून येणार कोण आहे? धनेश लायसन काढून येतो का?"

माझे कान तापले.

"हॉर्न मला पुसता येतो," तो हळूच म्हणाला. "त्याच्या पुढचं... पुसवत नाही."

"ते जास्त कर्कश आहे."

"आहे. पण त्यात तथ्य असतं."

"काय म्हणतोय गं तो?" शेजारून आत्या कुजबुजली. "लग्न झालंय का विचार."

"आत्या!"

"नाही झालेलं," तो म्हणाला. "मला सगळं ऐकू येतं, आत्या."

धनेशाची एक ढोली त्याला ठाऊक होती; काही वळणे पुढे, रस्त्याच्या कडेलाच. पण आई चालणार नव्हती, बाबा गाडी सोडणार नव्हते आणि हॉर्नशिवाय वळणार नव्हते.

"समोर कोणी नाही हे हॉर्नशिवाय कळलं, तर चालेल?" त्याने विचारले.

बाबांनी मनातल्या मनात नियम चाळले. "माणूस पुढे पाठवता येतो," ते नाइलाजाने म्हणाले. "विश्वासू हवा."

अशा रीतीने, उमेदीची वर्षे वाङ्मयात घालवून, मी हॉर्नच्या जागी रुजू झाले. तो बरोबर चालू लागला. पानांवरून धुके ठिबकत होते, आणि मागे गोगलगायीच्या चालीने गाडी, खिडकीबाहेर आत्याची मान.

"परवा माझ्या मायक्रोफोनपाशीच गाडी थांबवून आईला तुम्ही प्रबंधातलं अख्खं प्रकरण ऐकवलंत," तो म्हणाला. "पण भिंत ती स्वतःच घालते ना? आतून?"

"घालते. बाहेरच्याने मध्ये बोलू नये म्हणून असेल."

"फट मात्र ठेवते."

"...फळापुरती."

"म्हणजे फळ घेऊन आलं, तर—"

"तुमच्या काखेत मांजर आहे."

तो हसला, तेही आवाज न करता. धंद्याची सवय असावी. एरवी असला संयम मला संशयास्पद वाटतो. या खेपेस मी पुरावा न मागता तो मान्य केला.

एकाएकी त्याने हात वर केला. मी मागे वळून बाबांना केला. आयुष्यात प्रथमच बाबा निमूटपणे थांबले.

पंख आले. ती अवाढव्य पिवळी चोच फटीपाशी झुकली. आतून दुसऱ्या चोचीचे टोक बाहेर आले. एक फळ घेतले. दुसरे घेतले. तिसरे तिने क्षणभर तोलले आणि सरळ बाहेर फेकून दिले. एकाही कवीने हे लिहिलेले नाही!

"टाकलं! तिने टाकलं!" मी ओरडले.

धनेश भर्रकन उडाला. अरण्य चिडीचूप झाले.

"आणि मला बोलते," गाडीतून बाबा म्हणाले.

"तुमचं ध्वनिमुद्रण... मी सगळं..." माझे डोळे भरून आले होते, आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

"हे तर मुळीच पुसणार नाही," तो म्हणाला. "घरी आणून द्यावं म्हणतो. पत्ता आत्यांनी मघाशीच खिडकीतून ओरडून सांगितलाय. पण तुम्हाला... चालेल?"

तळटीपांशिवाय मला उत्तर देता येत नाही.

"उत्तर आत्ताच नको," तो म्हणाला. "मला लांबूनही ऐकू येतं."

मी गाडीत बसले. उताराच्या पहिल्या वळणावर बाबांचा हात हॉर्नपाशी गेला आणि तिथेच घुटमळला. आरशातून त्यांनी माझ्याकडे भीतभीत पाहिले.

"बाबा, वाजवा."

"अगं, समोर कोणी नाही."

"मागे आहे."

बाबांनी हॉर्न दाबला; नियमात बसेल त्यापेक्षा बराच लांब. पुढच्या वळणावर मात्र मी त्यांची वाट पाहिली नाही. दोन सीटांमधून हात पुढे घातला आणि स्वतःच वाजवला.