दशरथबुवांची शेवटची बारी

“आवाज चोरीला गेलाय!” जान्हवीने फोनवर एवढंच सांगितलं आणि खाजगी तपासनीस चेतना जाधव चहा अर्धा टाकून चारकोपला निघाली. बरोबर भाऊराव होते. निवृत्त हवालदार, मनाने सोनं, पण डोकं जरा सावकाश चालणारं.

घरातले सगळे एकाच खोलीत जमले होते. खाटेवर गळ्याभोवती मफलर गुंडाळून दशरथबुवा बसले होते. डबलबारीच्या भजनात गाता गाता समोरच्या बुवाला सवाल घालून गप्प बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. जीव वाचणार होता, आवाज मात्र कायमचा जाणार होता.

“काल संध्याकाळी आजोबांचं भजन या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं,” जान्हवी रडवेली झाली होती. “याची हार्डडिस्क मेलीय, म्हणून नितेशदादाने पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम दिलीय. भजन डेस्कटॉपवर सेव्ह केलं, झाकण लावलं आणि झोपले. सकाळी बघते तर पेनड्राइव्हच गायब! दुसरी कॉपी नाही हो.”

टेबलावर मिटलेल्या लॅपटॉपच्या कडेला एक तांबडा दिवा लुकलुकत होता. चेतनाने खाली लोंबणारी वायर उचलली आणि भिंतीतल्या प्लगमध्ये खोचून बटण लावलं.

“मॅडम, चोरी पेनड्राइव्हची झालीय,” भाऊराव पुटपुटले. “चार्जर जागेवरच आहे.”

“चार्जर काढला कोणी?” चेतनाने विचारलं.

“मी,” जान्हवीची आई नलिनी म्हणाली. “सकाळी तिथे चटणीसाठी मिक्सर लावला. पण पेनड्राइव्हला हात नाही लावला. रेकॉर्डिंगसाठी तर मीच बाबांच्या मागे लागले होते.”

खाटेजवळ हार्मोनियमची पेटी होती. भाऊरावांना राहवलं नाही. त्यांनी भाता हलवून एक पट्टी दाबली. सूर फरफरला.

“अहो, हात नका लावू!” नलिनी धावली. “बाबा घरातल्या कोणाला शिवू देत नाहीत तिला. काल तर किती सुरेख वाजली!”

कोपऱ्यात सीतारामबुवा बसले होते, दशरथबुवांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. काल भजन ऐकायला आले होते, आज सकाळी पुन्हा हजर.

“तुम्हाला रेकॉर्डिंग हवं होतं?” चेतनाने थेट विचारलं.

“व्हया होता. खोटा कित्याक बोलू? ह्येच्यो चाली माका व्हयेत. पोरीकडे कॉपी मागितलंय. पण चोरी? बारी समोर बसान जिंकतत, बाये.”

तेवढ्यात मरोळहून कामाची पाळी संपवून जान्हवीचा भाऊ नितेश आला. पेनड्राइव्हचं नाव निघताच त्याने कपाळाला हात लावला.

“जान्हवी, किती वेळा सांगितलं तुला! पेनड्राइव्हमध्ये फायली ठेवायची सोयच केलेली नाही. चालू करताना सगळी सिस्टिम लॅपटॉपच्या मेमरीत चढते. मग पेनड्राइव्ह काढला तरी चालतं. तू सेव्ह करतेस तेही मेमरीतच. लॅपटॉप बंद झाला की सगळं साफ! चोर सापडून आता काय उपयोग? वाट लागली यार!”

जान्हवीला रडू फुटलं. चेतना मात्र ताडकन उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते.

“भाऊराव, सुटलं कोडं! पेनड्राइव्हमध्ये भजन नाही हे नितेशला ठाऊक होतं. त्याला भजन पुसायचं असतं तर तो नुसता बटण दाबून मोकळा झाला असता. म्हणजे जे खोचलं त्यातच भजन, अशी चोराची समजूत होती.”

“मग सीतारामबुवा!” भाऊरावांनी लगेच बोट रोखलं.

“त्यांनी खिशात घालून घरी नेला नसता का? पेनड्राइव्ह या खोलीतच आहे. काल सुरेख वाजलेली पेटी आज फरफरते, कारण आत काहीतरी सरकलंय. आणि ती उघडणारा या घरात एकच माणूस आहे.”

सगळ्यांच्या नजरा खाटेकडे वळल्या. दशरथबुवांनी पेटी ओढली, वरची फळी काढली आणि आतून पेनड्राइव्ह बाहेर काढला.

“ह्यो आवाज माझो न्हय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “फाटको. काल शेवटच्या गजरापर्यंत पोचूक पण नाय. पोरांनी जल्मभर ह्योच ऐकायचो काय?”

“आजोबा, पण आता तोही गेला ना!” जान्हवी हुंदके देत म्हणाली.

“कुठे गेलाय?” चेतनाने लॅपटॉपचं झाकण उघडलं. “झाकण लावलं की हा झोपतो, बंद होत नाही. तांबडा दिवा त्याच झोपेचा होता, आणि बॅटरी संपत आली होती. मिक्सर काढल्यावर चार्जर परत लावायचं राहून गेलं होतं.”

पडदा उजळला. डेस्कटॉपवर फाईल जशीच्या तशी होती. जान्हवी आनंदाने ओरडलीच. नितेश घाईघाईने मोबाईलची वायर जोडू लागला, पण चेतनाने त्याचा हात धरला.

“थांब. बुवा, आवाज तुमचा आहे. हे बटण दाबून ठेवलंत की सगळं पुसलं जाईल. काय ते तुम्ही ठरवा.”

बुवांचं बोट बटणापाशी आलं. जान्हवीने डोळे मिटून घेतले.

“दशरथा,” सीतारामबुवा म्हणाले, “गोड गळ्याचे बुवा पायलीचे पन्नास गावतत. माका घाम फोडलो तो तुझ्या सवालान. आवाज फाटलो, सवाल नाय फाटलो.”

दशरथबुवांनी सीतारामबुवांकडे पाहिलं. मग त्यांनी बोट मागे घेतलं.

“नितेशा, आधी ह्या मोबाईलात घे.”

फाईल मोबाईलवर उतरली. बुवांनी पेटीची फळी बसवली आणि पट्टी दाबली. सूर स्वच्छ लागला.

“जान्हवी, आता दुसरा रेकॉर्डिंग लाव. गजर ऱ्हवलो हा. सीतारामा, समोर बस.”

“माका आज पण हरवतलंस?”

“आज तर सोडूचंयच नाय!”

फाटक्या आवाजात सवाल उठला आणि सीतारामबुवांनी खणखणीत टाळी दिली. भाऊराव मात्र गजर संपेपर्यंत चार्जरच्या बटणाशी पहारा देत उभे राहिले.