चार चाळीसचं पाणी

लालबागच्या आमच्या गल्लीत पाणी दुपारी सव्वाचारला येतं. चावीवाला गल्लीच्या तोंडाशी रस्त्यातलं झाकण उघडून चावी फिरवतो आणि पुढचा दीड तास बायकांची पळापळ असते. माझं काम त्याच दीड तासातलं. लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं. तीस वर्षं हेच केलं. हल्ली यंत्रं आली आहेत, पण आमच्या इंजिनीअर नूपुर मॅडम यंत्राने सांगितल्यावरही हळूच विचारतात, "दत्ताराम, तुमचा कान काय म्हणतो?" निवृत्तीला आठ महिने उरलेत, तेव्हा एवढी ऐट असू द्या.

गळतीचा आवाज एकसारखा असतो, सूंऽ करत राहतो. माणूस पाणी भरत असेल तर तो तुटक येतो. एवढा फरक कळला की अर्धं काम आलं.

आमची मोरजकर चाळ पाडली त्याला तीन वर्षं झाली. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे, आत कमरेएवढं गवत. मालन, माझी बायको, त्याच्या वर्षभर आधी गेली, त्याच खोलीत. मी मग काळाचौकीला भाड्याने राहायला गेलो. तिथली मोरी मालनने पाहिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. चांगली ऐसपैस आहे.

मार्चमध्ये शेजारच्या चाळीतून तक्रार आली, पाण्याला वास येतो. मी गेलो. कुंपणाच्या कडेला आमच्या चाळीकडे जाणारा जुना नळ वीतभर उघडा पडला होता. चाळ पाडताना तो तोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सळई टेकवली तेव्हा चार चाळीस झाले होते.

कुणीतरी पाणी भरत होतं.

आधी हंडा. मग दोन कळश्या. मधे भांडं बदलताना तोटी बंद न करता तळहाताने दाबून धरलेली धार, कारण आमच्या तोटीचा वायसर गेला होता आणि मी, पाणीखात्यातला माणूस, आज बदलतो उद्या बदलतो म्हणत दोन वर्षं काढली होती. मालन त्यावरून चाळभर माझी थट्टा करायची. शेवटी मोरी धुवायला सोडलेली बारीक धार. मग बंद.

मी सळई पुसली आणि वहीत लिहिलं : आवाज निरंक.

खात्यात हा शब्द फार सोयीचा आहे. खरं लिहिलं असतं तर दुसऱ्याच दिवशी खणून तो नळ तोडला असता. मग मी रोज जायला लागलो. बाकीचं काम उरकून चार चाळीसला तिथे उकिडवा बसायचो. ती होती तेव्हा तिच्यासाठी एवढा वेळ मी कधी काढला नव्हता. अकरा आठवडे मी निरंक लिहिलं.

मला सगळं कळत होतं. चावी बंद झाली की नळातला दाब जातो, आणि सांध्याला भोक असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो.

मे महिन्यात एकदा शेजारच्या चाळीतल्या रुपालीने मला थांबवलं. तळमजल्यावर दिवाळीत नव्याने राहायला आलेली भाडेकरू. तिची चार वर्षांची सलोनी कावीळ होऊन इस्पितळात होती, आणि वरच्या माळ्यावरची आणखी दोन मुलं.

"काका, तुम्ही रोज ऐकता ना? मग सापडत का नाही?"

"शोधतोय," मी म्हटलं.

"डॉक्टर म्हणतात पाण्याचंच आहे. मी उकळून देते हो. एखाद वेळी राहिलं असेल माझ्याकडून."

ती स्वतःला दोष देत होती. मला तिच्याकडे बघवेना.

त्या दिवशी सळई टेकवली तेव्हा हंडा भरत आला होता. मी नळाशी वाकून म्हटलं, "मालन, बंद करतोय गं. रागावू नको."

धार तळहाताने दाबली गेली. बराच वेळ तशीच राहिली. मग कळशी भरू लागली.

मी वहीत गळती लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणलं. सांधा सडला होता, गटार हातभर अंतरावर. आमच्या चाळीकडे जाणारा नळाचा तुकडा कापून वर काढला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गंजाने आणि मातीने ठासून भरला होता. नूपुर मॅडमनी त्यात सळई घालून बघितली. बोटभरही आत गेली नाही.

"यातून कित्येक वर्षांत थेंब गेला नसेल. तुम्ही ऐकलंत काय?"

"सांध्याचा आवाज असेल."

त्यांनी सळई पुसून माझ्या हातात दिली. नळाला बूच मारलं, वर काँक्रीट ओतलं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो. काम नव्हतं. खोटं कशाला बोलू, राहवलं नाही. सलोनी घरी आली होती. रुपाली बाहेर आली.

"काका, पाणी आता एकदम क्लीन येतंय." मग घुटमळली. "त्या पत्र्यामागे कुणी राहतं का हो?"

"नाही. का?"

"एक बाई येते. तीन दिवस झाले. कळशी घेऊन. मालवणीत बोलते. म्हणते, आमचा पाणी बंद केल्यानी. घोव पाणीखात्यात आसा, तरी आमचाच बंद."

मी पत्र्याकडे बघितलं.

"मी देते भरून. पाण्याला नाही कसं म्हणायचं? आज नवऱ्याचा पत्ता विचारत होती, ते आता खंय रवतत. मला काय माहीत? मी म्हटलं, खात्यातले एक काका इथे येतात साडेचार-पावणेपाचला, त्यांना विचारा. तर म्हणाली, मग बसतंय."

"कुठे?"

तिने ओट्याच्या टोकाकडे बोट केलं. "आत्ता तर इथेच होती."

ओट्याची फरशी उन्हाने इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. तिच्यावर कळशीच्या बुडाचा ओला गोल होता.

मी शेजारी बसलो.

पाच वाजले. साडेपाच वाजले. गोल सुकत नव्हता.