काजळीवरची रेघ

रॉकेलच्या दिव्यावर कागद धरून तो मन लावून काळा करणाऱ्या माणसाला डॉक्टर कसं समजायचं? इंदूनं नाही समजलं.

"अहो दिवेवाले, डॉक्टर पाठक कुठं भेटतील?"

"भेटतील... तोंड धुतल्यावर," तो म्हणाला. नाकावर काजळी, डोळ्यांत हसू.

सेहेचाळीस साली शेवगावची ही तरुण मास्तरीण नगरच्या दवाखान्यात आली ती अडकणाऱ्या घासापायी. दोन वर्षं पोळीचा तुकडा छातीशी थबके. मग पाणी पिऊन, उभं राहून, खांदे मागे टाकून तो खाली उतरवायचा. दाखवायच्या कार्यक्रमात पोहे बशीतच राहिले, आणि दोन स्थळांनी मुलगी गर्विष्ठ ठरवली. कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी, यज्ञेश्वरपंतांनी, निकाल देऊन टाकला होता : "डॉक्टरला काही सापडलं नाही, तर हे सोंग बंद. तिसऱ्या स्थळापुढं मुकाट्यानं जेवायचं."

नृसिंह पाठक तोंड धुऊन आला. हातात रबरी नळी, टोकाला इवलासा फुगा. अन्ननलिकेनं फुगा दाबला, की नळीच्या दुसऱ्या टोकाची सुई फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या काळ्या कागदावरची काजळी खरवडत पांढरी रेघ ओढायची.

"हे... गिळायचं?"

"आधी मी गिळतो."

"रोजच गिळत्यात," आया लंकाबाई म्हणाली. "जेवन कमी, नळी लई."

नैवेद्य घ्यावा तशा मुद्रेनं त्यानं नळी गिळली. वर पाण्याचा घोट घेतला. सुई उठली, डौलात डोंगर चढली, उतरली. माणसाच्या छातीतल्या अंधारात घास पुढं सरकतो, तो असा उजेडात दिसतो? इंदू श्वास घ्यायची विसरली.

"आणि मधले हे बारीक दाते?"

तोंडात नळी. त्यानं पाटीवर लिहिलं : 'फुग्याच्या पुढ्यातच हृदय असतं. त्याचे ठोके.'

ती पाहायला वाकली. वेणीचं टोक त्याच्या मनगटावर टेकलं.

"अगंबाई! आता इतके दाटीनं?"

त्यानं पाटी उलटी ठेवली.

"ताप आला व्हय, डाक्टर?" लंकाबाईनं भोळेपणानं विचारलं. ती भोळी मुळीच नव्हती.

मग नवा कागद, नवी नळी, आणि इंदूची पाळी. डोळे भरून आले. "बस्स... एकच घोट..." तो हळूच म्हणत होता. पण डोंगर चढलाच नाही. सुई जागच्या जागी थरथरत राहिली.

नळी निघाल्यावर तिनं विचारलं, "सोंगच ना?"

तो त्या सपाट रेघेकडं देवळात उभं राहावं तसा पाहत होता. "सोंग? बाई, तुमची अन्ननलिका घास ढकलतच नाही. दोन वर्षं प्रत्येक घास तुम्ही स्वतःच्या जोरावर खाली नेलाय... वाट रुंद करता येईल. सगळं नाही, पण पुष्कळ बरं वाटेल."

इंदू रडली; आता नळीमुळं नव्हे.

यज्ञेश्वरपंतांनी बाहेर तो लाख फिरवून पक्का केलेला कागद उलटसुलट पाहिला. "सही आहे का?" सही होती. मुलीवर नसला तरी कागदावर त्यांचा विश्वास होता. ते गुपचूप डोळे पुसू लागले.

आत नृसिंहनं दुसरा कागद पुढं केला... दाटीच्या दात्यांचा. "हा माझा. तुमच्याकडं राहू दे?"

"लग्नात घास भरवतात, डॉक्टर. माझा अडेल."

"पाण्याचं भांडं मी धरीन. कितीही वेळ लागो... अहो, बोट नका लावू! लाख फिरवून काजळी पक्की करायची राहिलीय, बोट उमटेल!"

"ठाऊक आहे," इंदू म्हणाली. आणि मराठी चौथीला शुद्धलेखन शिकवणाऱ्या त्या मास्तरणीनं सहीच्या जागी शांतपणे अंगठा उठवला.